हजच्या आधी कापलेली दोन कार्डं

प्रिय इन्शा बेटा,

हे पाकीट हातात पडलं की तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे बरे आहेत. अम्मीचे गुडघे दुखतात, ते नेहमीचंच. रोज फोन होतो आणि तरी अब्बा कुरिअरनं पत्र कशाला पाठवतात, असं तुला वाटणार. फोनवर मी दोनदा सुरुवात केली होती गं. एकदा तू फिजिओथेरपीच्या ओपीडीत होतीस. दुसऱ्यांदा तू चांगली निवांत होतीस, तरी मी पुण्याच्या उन्हाबद्दल विचारलं आणि फोन ठेवला. कॉलेजच्या भांडारात एकतीस वर्षं नोंदी करण्यात गेली, त्यामुळे माझ्या तोंडापेक्षा माझं पेन बरं चालतं.

शनिवारी नाशिकरोडहून मुंबईला निघतो आणि रविवारी विमान आहे. अम्मी शेजारच्या विमलाबाईंकडून लटकता काटा घेऊन आली आहे आणि दिवसातून तीनदा बॅगेचं वजन करते. दर वेळी पाचशे ग्रॅम जास्त भरतं आणि दर वेळी त्याचा दोष माझ्या चपलांवर येतो. माझं मात्र दुसरंच काम चालू आहे. हजला निघण्याआधी माणसानं कुणाचं देणं ठेवू नये आणि कुणाचं मन दुखावलेलं ठेवू नये, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. तुझ्या नानांनी तर अख्खा कथडा मोहल्ला पालथा घातला होता, नळाच्या रांगेत भांडलेल्या बायकांचीसुद्धा माफी मागून आले. मी आपला भांडारपाल, मी यादी केली. एकेचाळीस नावं निघाली. रजिस्टरासारखे रकाने पाडले: नाव, कारण, खूण. तू हसशील, हस.

लहानपणच्या गावी, सायखेड्याला जाऊन आलो. झुंबरबाई अजून आहे, पंच्याऐंशी तरी असेल. तिच्या परसातले पेरू मी चौथीत असताना चोरायचो. ते सांगितलं, तर म्हणाली की ते तिला तेव्हाच माहीत होतं, आणि भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. आमच्या कॉलेजातला शिपाई धोंडीराम, त्याला मी एकदा सगळ्यांसमोर उशिरा येण्यावरून बोललो होतो. त्याची बायको त्या दिवशी दवाखान्यात होती, हे मला नंतर कळलं आणि मी पंधरा वर्षं गप्प बसलो. त्यानं मला मिठी मारली. मला फार अवघडल्यासारखं झालं.

माझा जुना दोस्त भिमाजी, त्याच्याकडे जायला मात्र पाय उचलत नव्हता. सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशिननं त्याचा पाय नेला, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. थर्माकोलचा पाय करून त्याला नेऊन दिला होतास आणि वर दम भरला होतास की हा तात्पुरता आहे, मोठी झाले की खरा करून देईन. तो थर्माकोलचा पाय त्यानं अजून कपाटावर ठेवला आहे. मी कहासुना माफ म्हणालो, त्यानं लगेच माफ केलं, आणि मग विचारलं, पोरगी परदेशी कधी जाणार? कृत्रिम पाय बनवायला शिकण्याची स्कॉटलंडची तुझी सीट फीची मुदत टळून पंधरा मार्चला गेली, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही सांगितलं. चहा तसाच ठेवून उठलो.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येतो. फिरून फिरून तिथंच येतोय, तुझ्या लक्षात आलं असेल.

जानेवारीतली गोष्ट. हजचा हप्ता भरून झाला होता. तुझ्या शिक्षणाच्या कर्जालाही बँकेनं डिसेंबरातच तोंडी होकार दिला होता, सहअर्जदार म्हणून माझे सगळे कागद ठीक होते. मी घरातलं आवरायला बसलो. उसना आणलेला पाना परत केला, किराणावाल्याचे एकशे दहा रुपये देऊन आलो. मग पाकीट उघडलं, तर त्यात तीन क्रेडिट कार्डं. एक तुझ्या लॅपटॉपचं आणि परीक्षेच्या फीचं, त्याचे हप्ते चालू होते. दुसरी दोन वर्षानुवर्षं वापरलेलीच नाहीत. त्यातलं एक सतरा-अठरा वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये टेबल टाकून बसलेल्या मुलानं गळ्यात मारलं होतं. कॉलेजात दर मार्चला मी डेड स्टॉक काढतो, तुला माहीत आहे. मोडकी स्टुलं, बंद पडलेले पंखे, जे वापरात नाही ते रजिस्टरातून कमी करायचं. मला वाटलं, अल्लाहच्या घरी जाताना सावकाराचं दावं खिशात कशाला? एका पैशाचं देणं नव्हतं त्यांच्यावर. फोन केला, दोन्ही बंद करवली आणि अम्मीच्या शिवणाच्या कात्रीनं कापली. त्या दिवशी मी किती खूष होतो, काय सांगू. अम्मीला म्हणालो, बघ, हलका झालो.

तू दिवाळीत, म्हणजे सुट्टीला आली होतीस तेव्हा, मला बजावलं होतंस की कर्ज हातात पडेपर्यंत बँकेतलं काही हलवू नका. मला ते आठवत होतं. पण मी समजलो की पैसे काढू नका असं म्हणतेस. बंद करणं म्हणजे हलवणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी तर साफसफाई करत होतो.

फेब्रुवारीत बँकेनं शेवटची तपासणी केली आणि मला एकट्याला बोलावलं. साक्षी मॅडम म्हणून एक मुलगी आहे तिथं, तुझ्याच वयाची. तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझा क्रेडिट स्कोअर डिसेंबरात सातशे एक्क्याऐंशी होता, तो आता सातशे चारवर आला होता. त्यांना कमीत कमी सातशे पंचवीस लागतो. मी म्हणालो, मॅडम, एक हप्ता चुकलेला नाही, उलट मी तर दोन कार्डं कमी केली. तेव्हा ती हळूच म्हणाली, “काका, तीच ठेवायची होती.” मग तिनं कागदावर मांडून दाखवलं. तिन्ही कार्डांची मिळून मर्यादा तीन लाख नव्वद हजार होती आणि त्यातले मी बावन्न हजार वापरले होते. दोन बंद केल्यावर उरली साठ हजारांची मर्यादा, आणि बावन्न तेच. म्हणजे संगणकाला दिसतं की हा माणूस गळ्यापर्यंत उधारीवर जगतो. आणि ते सतरा वर्षांचं जुनं कार्ड, ज्याला मी मोडकं स्टूल समजलो, तेच माझी पत सांगणारा सगळ्यात जुना साक्षीदार होतं. न वापरलेली वस्तूसुद्धा माणसाच्या बाजूनं बोलत असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे असं असतं का कुठं, सांग बरं?

मी जे जे करता येईल ते केलं, बेटा. कार्ड परत चालू करा म्हणून फोनवर विनवण्या केल्या. बंद झालेलं खातं उघडत नाही, म्हणाले, नवीन अर्ज करा. साक्षी मॅडम म्हणाली, नवीन अर्ज केलात तर स्कोअर आणखी घसरेल. बावन्न हजार एकदम भरले असते तर थोडा वर आला असता, पण हातातलं सगळं हजला गेलेलं, आणि भरले तरी कागदावर दिसायला महिना-दीड महिना. हज रद्द करतो म्हणून चौकशी केली. पैसे कापून, आणि तेही कधीतरी मिळणार होते. माझ्या जागी मामूंना सहअर्जदार करावं, तर त्यांचं स्वतःच्या घराचं कर्ज चालू आहे, आणि आपलं घर गहाण ठेवावं, तर ते अजून आजोबांच्या नावावर, सहा वाटेकरी. चार वेळा बँकेत जाऊन बसलो. शेवटच्या वेळी त्या पोरीनं मला पाणी दिलं आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. रोज सकाळी मोबाइलवर आकडा बघायचो. तो हलायचा नाही. पंधरा मार्च आला आणि गेला.

त्या दिवशी तुझा फोन आला. तू म्हणालीस की बँकेनं नकार दिला तो तुझ्या एका वर्षाच्या खंडामुळेच असणार, नापास झालेल्या पोरीला कोण पैसे देईल. मी ऐकत होतो. एका वाक्यात सांगता आलं असतं. तू रडत होतीस, आणि मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, “बेटा, अल्लाहची मर्जी.” तू म्हणालीस, हो अब्बा, आणि शांत झालीस. महिना होऊन गेला, तू स्वतःला दोष देत रुग्णांचे गुडघे वाकवतेस आणि मी इथं गावभर माफी मागत हिंडतोय. बँकेची चूक नाही, तुझ्या त्या वर्षाची नाही. ती दोन कार्डं मी कापली. मला स्वतःची भयंकर लाज वाटते.

अम्मीला आज दुपारी सांगितलं. तिनं बॅगेतलं सगळं बाहेर काढलं, परत भरलं आणि परत वजन केलं.

यादीतल्या चाळीस नावांपुढे खूण झाली आहे. एकेचाळिसावं तुझं. त्यासाठी हे पत्र. तू पटकन म्हणशील, जाऊ द्या अब्बा, माफ किया. रिवाज म्हणून तसं म्हणू नकोस. तुझा हक्क आहे, राग धर, भांड, विचार मला की मार्चमध्ये तोंडाला काय झालं होतं. शनिवारी साडेदहाची गाडी आहे. तोवर फोन आला तर उचलेन, आणि नाही आला तर तुझ्या नावापुढची जागा कोरी ठेवूनच जाईन. काहीही झालं तरी एक गोष्ट मी तिथं पोचल्यावर सगळ्यात आधी करणार आहे. स्वतःसाठी काही मागायच्या आत अल्लाहला सांगणार आहे, की पंधरा मार्चला मी माझ्या पोरीला जी तुझी मर्जी म्हणून सांगितली, ती तुझी मर्जी नव्हती, ते माझ्या हातचं काम होतं.

तुझाच,
अब्बा