काकूंचा गोड चहा

मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या सुजाताशी भांडलो. तिच्या आईला कॅन्सर आहे आणि साखरेनं कॅन्सर वाढतो असा कुठलासा व्हिडिओ बघून हिनं काकूंची साखर, भाकरी सगळं बंद केलंय. काकूंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

मी म्हणालो, "कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, खरंय. पण उपाशी ठेवलंस तर शरीर स्वतःचं मांस झिजवून त्यांना साखर पुरवतं. पेशींकडं जाणारी साखरेची वाटच अडवणारी औषधं शास्त्रज्ञ शोधतायत की, ते स्वयंपाकघरात होत न्हाय."

"बीएस्सी अर्धी सोडणाऱ्यानं शिकवू नये."

लई लागलं. पण त्या बांगड्या...

काकू आतनं म्हणाल्या, "नंतर भांडा. चहा ठेव रे, गोड."

ठेवला. सुजातानं अडवलं नाही. माझंच चुकत असलं तर? उद्या ती डॉक्टरांना विचारणार आहे. एकटीच जाते म्हणाली. गाडी मी काढणारच.