निळ्या सावल्या

४ ऑक्टोबर
टिल्मान चोर आहे. चोर! आधी एवढं लिहिते, मग जेवते.

आज वर्गात प्रत्येकानं आपली कल्पना मांडायची होती. शंभर वर्षांपूर्वीच्या भयपटांच्या धर्तीवर दहा मिनिटांचा मूकपट – वर्षाला एकच निवडतात. टिल्मान उठला आणि माझी गोष्ट सांगून मोकळा झाला. घरातला माणूस मरतो, पण त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्याची सावली तशीच राहते. घरचे ती पुसू देत नाहीत, तिच्यासाठी ताट मांडतात. रोटमुंडबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मला शिकवायला लागल्यापासून माझ्या कशावर भुवईसुद्धा उचलली नाही त्यांनी!

ही गोष्ट जानेवारीत मी त्याला सांगितली होती. कालव्याकाठचा बाक आठवतो, थर्मासमधला चहा आठवतो, गोष्टीचा शब्द न् शब्द आठवतो.

५ ऑक्टोबर
जिन्यात गाठलं त्याला. "ती गोष्ट कुणाची रे?"
तो गोंधळल्यासारखा. "तुला तर सगळ्यात आधी माहीत होती, गेझी. आवडली नाही का?"
चोर तो चोर, वर शिरजोर!

९ ऑक्टोबर
त्याचाच निवडला.

११ ऑक्टोबर
टिल्मान म्हणतो, नेपथ्य मी रंगवावं. "तुझ्यासारखा हात कुणाचा आहे?" पूर्वी दिवे अपुरे, म्हणून सावल्या भिंतीवर ब्रशनं काढायचे. आम्हीही तसंच करणार. मी हो म्हणाले. इतक्या गोड आवाजात की माझं मलाच नवल वाटलं.

१९ ऑक्टोबर
सुचलं!

बाईंनी फिल्मही जुन्या धाटणीची मागवलीय. तिला लाल काळं दिसतं आणि निळं पांढरं. तिला काय दिसेल ते आधी पाहायला निळ्या काचेचा एक तुकडा असतो, आणि तो नेपथ्य करणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे आहे. सावल्या निळ्या काढायच्या. शाईसारख्या गडद. डोळ्यांना सावली, फिल्मवर कोरी भिंत. केसानं गळा कापतोस काय? थांब, बेट्या.

२ नोव्हेंबर
चित्रण झालं. फिल्म मोजकीच, त्यामुळे आधी तपासून बघायची सोय नव्हती.

टिल्मान खुर्चीमागच्या सावलीसमोर बराच वेळ उभा राहिला. डावा खांदा मी जरा उतरलेला काढलाय. त्यानं सांगितलं नव्हतं – गोष्ट माझीच, मला का सांगावं लागेल! "अगदी तस्साच आलाय," तो म्हणाला. मग, "पण निळा का गं?"
"काचेतून बघितलंय मी. काळाकुट्ट दिसतो."
काच माझ्या खिशात होती. त्यानं मागितलीसुद्धा नाही. "तू बघितलंस ना, मग झालं." संध्याकाळपर्यंत सेट मोडून फळ्या गेल्याही.

१४ नोव्हेंबर
वर्गात दाखवला. पांढरी, स्वच्छ भिंत! नट रिकाम्या खुर्चीपुढे ताट मांडतो, भिंतीकडे बघून थरथरतो – आणि भिंतीवर काही नाही. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. रोटमुंडबाई म्हणाल्या, "ही काय थट्टा आहे?" मला वाटलं टिल्मान माझ्यावर ओरडेल. ओरडला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं.

त्याची आई पहाटेच्या गाडीनं श्ट्रालझुंडहून आली होती. पहिल्या रांगेत, मांडीवर टोपी. दिवे लागल्यावर उठून पडद्याजवळ गेली. "इथं असणार होता ना?" एवढंच विचारलं तिनं मुलाला. काय असणार होता कोण जाणे.

आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला लिहू – फुटल्या! येताना मनुकांच्या केकचा मोठा तुकडा घेतला.

१५ नोव्हेंबर
बाईंना पुरावा दाखवायचा म्हणून जानेवारीची वही काढली. २१ तारीख. माझंच अक्षर –

'टिल्मान आज बाकावर रडला. भाऊ होडीसकट बुडाला. रोज टेकून बसायचा तिथं वॉलपेपरवर त्याच्या पाठीचा डाग राहिलाय, डावा खांदा उतरलेला. आई पुसू देत नाही, त्याचं ताट अजून मांडते. घर विकलंय, एप्रिलमध्ये नवे लोक भिंत रंगवतील. "एकदा पडद्यावर आईला दाखवीन," म्हणाला. मी चहा ओतून दिला.'