दिव्याआड धरलेला हात

मंगळवार, अठरा तारीख, दुपार

प्रिय छकुली,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. एका ओळीचं पत्र पाठवायचं आणि वर फोन उचलायचा नाही, हा हट्टीपणा तू आईकडून घेतलास. मी बाबांवर गेले, पानभर लिहिल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही. तेव्हा आधी ख्यालीखुशाली.

पायांवर सूज आहे का? गोळ्या वेळेवर घेतेस ना? सातवा लागला तरी तू घरात पाळण्याचा विषय काढू देत नाहीस, असं तुझा नवरा म्हणत होता. नको काढू देऊस. बिचारा माझ्याकडे तक्रार करतो आणि तुझ्यासमोर तोंडातून ब्र काढत नाही.

इकडे आमच्या हॉस्पिटलला नवा रंग लागलाय. रंग मोठ्या मॅडमनी निवडला, त्यामुळे सगळ्यांना आवडलाय. बाळंतिणींच्या वॉर्डात नवे पडदे आले. आम्हा बाळांच्या आयसीयूवाल्यांना मात्र काही नाही, आम्ही नेहमीचेच उपाशी.

आमच्याकडे बाळांना नाव नसतं, तुला माहीतच आहे. पायाच्या पट्टीवर आईचं नाव असतं आणि आम्हीही अमकीचं बाळ, तमकीचं बाळ असंच म्हणतो. परवा खिडकीजवळच्या जागेवर एक मुलगा होता, चांगला गुटगुटीत, नुसती धाप लागत होती म्हणून आणलेला. त्याची दुधाची वेळ झाली तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, छकुलीच्या बाळाला मी बघते. सोबतच्या सिस्टरने माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि मला चहाला पाठवलं. हे काही पहिल्यांदाच झालं नाही. वर्ष उलटून गेलं, पण त्या जागेवर कुणाचंही लेकरू असो, माझ्या तोंडी तुझंच नाव येतं.

बघ, पुन्हा आडवळणाला लागले. तू विचारलंस, "ताई, तिने डोळे उघडले होते का? हे सांग, मग कुठे यायचं ते मी ठरवते."

तुला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की हेही बाळ लवकर येऊ शकतं, आणि बाळांचा आयसीयू नसेल तिथे बाळंत व्हायचं नाही. तुमच्या गल्लीतल्या दवाखान्यात ती सोय नाही. म्हणून तर माझी पंचाईत झाली. खरं सांगितलं तर तू इथे पाऊल ठेवायची नाहीस. खोटं सांगितलं तर मी तुझ्याशी कुठल्या तोंडाने बोलू? आठवडाभर तुझं पत्र युनिफॉर्मच्या खिशात घेऊन फिरतेय. आईला विचारलं, तर म्हणाली, आठवत नाही म्हण आणि मोकळी हो. न आठवायला काय झालं?

तुझी लेक जन्मली त्या सकाळी तू खाली ऑपरेशन थिएटरमध्ये होतीस. रक्त थांबत नव्हतं, तुला शुद्ध नव्हती. बाळाला वर, खिडकीजवळच्या त्याच जागेवर आणलं ते माझ्याच हातात. सुया, नळ्या, सगळं मी नेहमीसारखं केलं, अंगावर युनिफॉर्म होता ना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आता आपल्या हातात काही नाही. तुम्ही तिची मावशी व्हा."

मी तिला मांडीवर घेतलं. डोळे गच्च मिटलेले. वरचा दिवा फार लख्ख असतो, त्यात बाळं डोळे उघडत नाहीत. म्हणून आईला बाळ दाखवताना आम्ही दिव्याआड हात धरतो, तोंडावर सावली पडली की बाळ हळूच बघतं. माझा हात आपोआप वर गेला. रोजची सवय.

तिने डोळे उघडले, छकुली. काळेभोर, तुझ्यासारखे. माझ्याकडे बघत राहिली. मास्कच्या वर माझे नुसते डोळेच दिसत असणार. मी तिला सांगितलं, "मी मावशी आहे गं, आई खाली आहे." एवढ्याशा जिवाला काय कळणार? जाईपर्यंत तिने नजर हलवली नाही.

ते तुझं होतं आणि मला मिळालं. तू शुद्धीवर आलीस तोवर ते डोळे मी मिटले होते. तेव्हा तू विचारलंस, तिला दुखलं का. तेवढंच मी सांगितलं. आता कुठलंही बाळ डोळे उघडायच्या आत मी बाजूला होते आणि आईला पुढे सारते. तरी घरी तोंड धुवून आरशात बघितलं की माझ्या डोळ्यांतून तीच बघतेय असं वाटतं. मला भीती वाटते गं. आणि खरं सांगू, ती दिसायची थांबली तर, याचीही वाटते.

तुला माझा राग येईल. खुशाल येऊ दे, पण बाळंतपणाला इथेच ये. नको असेन तर मी रजा टाकते, तुझ्यासमोरसुद्धा येत नाही. बाळ आधी तुझ्याकडेच द्यायचं, असं सगळ्यांना बजावून ठेवलंय. तू शुद्धीत नसलीस तर तू उठेपर्यंत त्याच्यावर कोणीही सावली धरायची नाही. तो हात तुझाच.

तिने जिला तुझ्या जागी पाहिलं,
ती तुझी
ताई