जेंट्स टेलरची गाठ

१७ नोव्हेंबर २००३, सोमवार

सांगून टाकतो, वहीपुढं कसली लाज! डाव्या छातीत, बोंडाच्या मागं, हरभऱ्याएवढं काहीतरी लागतंय. आंघोळीत साबण अडखळला म्हणून कळलं. दुखत नाही. पंधरा वर्षं लोकांच्या छातीला टेप लावतोय, आणि आज स्वतःच्या छातीला हात लावायला घाबरलो.

१८ नोव्हेंबर

अजून आहे.

२० नोव्हेंबर

हुपरीला बाळाक्काकडं जाऊन आलो. थोरली बहीण. पाच वर्षांपूर्वी कॅन्सरमुळं तिच्या छातीची एक बाजू काढली. आई तर त्यातच गेली. वाटलं आक्का धीर देईल. तिनं आधी जेवायला वाढलं, मग म्हणाली शर्ट काढ. मी लाजलो. तर म्हणे, तुझं ढुंगण धुतलंय मी, काढ गप. चाचपलं आणि शर्ट परत माझ्या हातात दिला.

"डॉक्टरनं सांगितलंय मला," म्हणाली, "बाप्यास्नीबी हुतंय ह्ये. दवाखान्यात जायचं, आळस न्हाय करायचा."

येताना एस.टी.त रडू आलं. खिडकीकडं तोंड करून बसलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दवाखाना. बाकावर अकरा बायका आणि मी. आमची मंडळी – अंजना – शेजारी. सगळ्याजणी तिच्याकडं दयेनं बघत होत्या. पेशंट ती, मी सोबतीला! आम्ही खुलासा केला नाही.

फॉर्म मीच भरला. एक प्रश्न – शेवटची पाळी कधी? वाटलं, मिलमधल्या पाळीचं विचारतायत. खरं ते लिहिलं – १९८८, मिल सोडली तेव्हा. पुढं – मुलांना अंगावर पाजलं का? इथं जरा थांबलो. "नाही" लिहिलं.

मग आतली बाई पुकारायला लागली, कृष्णाताई, कृष्णाताई! कुणी उठेना. चार वेळा पुकारा झाला. माझं डोकं तापलं. अंजनाला म्हटलं, नंबर लावायचा आणि चहा प्यायला जायचं, या बायकांना वेळेची काही किंमतच नाही! पलीकडच्या बाईनंही मान डोलावली. पाचव्यांदा "कृष्णाताई चौगले" असं आल्यावर अंजनानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. माझं नाव कृष्णात चौगले. कारकुनानं पाळीचा रकाना वाचून माझ्या नावाला शेपूट जोडलं होतं.

उठलो. करतो काय!

डॉक्टरीणबाईंनी फाईल बघितली, मग माझी मिशी बघितली. हसल्या नाहीत, एवढे उपकार. गाठीत सुई घातली. रिपोर्ट पुढच्या सोमवारी.

२७ नोव्हेंबर

अंजनाच्या पोटात तीळ भिजत नाही. तिनं पिराजीदादाला सांगितलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि दादाला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. सकाळी दुकानात तीन ब्लाउजपीस, वर चिठ्ठी – "कृष्णाताई, संक्रांतीच्या आत द्या." अक्षर दादाचं. अरे, मी जेंट्स टेलर आहे! अख्खी गल्ली हसली, मीही हसलो. दादा सगळ्यात मोठ्यानं.

मग कापायला बसलो तर कात्री कुठं चालवतोय कळेना. पोरीचं, निशाचं, लग्न व्हायचंय अजून. मला मरायची भीती वाटते. बाकी काही नाही.

१ डिसेंबर, सोमवार

कॅन्सर नाही! चरबीची गाठ! अंजना तिथंच रडली, मी कारकुनाला पेढा दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात आईला आणि बहिणीला झालंय, तेव्हा दरवर्षी दाखवत जा. मुलीलाही सांगून ठेवा. आणि भाऊ असेल तर त्यालाही पाठवा.

सोमवार असूनही मटण आणलं. दादाला जेवायला बोलावून निरोप सांगितला. "मी काय ताई हाय व्हय?" म्हणाला, आणि आणखी रस्सा मागितला.

४ डिसेंबर

ब्लाउज शिवले एकदाचे. दोन जमले. तिसऱ्याला उजव्या बाहीच्या जागी डावी लागली. शेजारच्या चिमणाबाईंचा आहे. त्या म्हणाल्या, कृष्णाताई, बायकांचं काम बायकांनाच जमतं.

७ डिसेंबर, रविवार

दुपारी दादा दुकानात आला. एकटाच. शर्ट शिवायचाय म्हणाला. लग्न नाही, कार्य नाही, कापडही आणलं नव्हतं. छातीवरून टेप फिरवली आणि डावीकडं माझी बोटं थांबली. माझ्यापेक्षा मोठी. बोराएवढी. टणक. मी वर बघितलं. तो भिंतीकडं बघत होता.

"दोन वर्सं झाली," म्हणाला. "उद्या माझ्यासंगं चल की."