भूगर्भशास्त्राच्या रॅकवरचं पुस्तक

अहो,

तुमच्याशी आता बोलायचं नाही, असं ठरवलं होतं मी. पण आज तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन आले, आणि हे सांगायला दुसरं कोणी नाही. म्हणून लिहितेय.

तुमच्या कार्डावरची पुस्तकं परत करायची होती. लेक म्हणाली, "आई, मी जाते ना." मी म्हटलं, नको. मुलुंडहून बस, मग रिक्षा. वाटेत काहीच वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही. चहा गार होतो, तो मी तसाच पिते. सगळे म्हणतात, एकदा रडून घे. रडू काय नळाचं पाणी आहे, वेळेवर यायला?

पासष्टाव्या वर्षी पीएचडी करतं का हो कोणी? आजोबा गलबतावर तांडेल होते, म्हणून नातवाने बँकेतून रिटायर झाल्यावर कोकणातल्या जुन्या बंदरांचा अभ्यास करायचा! रोज डबा घेऊन निघायचात. मला एकदा तरी न्यायचंत की बरोबर.

काउंटरवर एक मुलगी अजिजीने बोलत होती. "सर, परत एकदा बघा ना! सोमवारी सबमिट करायचंय मला."

"कितीदा बघू गं? कॉम्प्युटर म्हणतो, 'आहे', पण रॅकवर नाही. हरवलं समज."

गलबतांवरचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक. नाव ऐकलं आणि मला कळलं. ते घरी देत नाहीत. दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून तुम्ही संध्याकाळी निघताना ते भूगर्भशास्त्राच्या रॅकवर दडवायचात. "तिकडे चिटपाखरू फिरकत नाही," असं मला सांगून कॉलेजच्या पोरासारखे हसायचात. लाज नाही वाटली?

मी तुमच्या कार्डावरची पुस्तकं काउंटरवर ठेवली. तुमचे कपडे देऊन झाले, फोटोला हार झाला, खुर्चीसुद्धा लेकीने हलवली. तुम्ही उद्या येणार, असं धरून बसलेली एवढी एकच जागा उरली होती. ती मी आपल्या हाताने कशाला मोडू? पण त्या मुलीचा चेहरा पार उतरला होता.

गेले. विचारत विचारत रॅक शोधला. पुस्तकांच्या मागे हात घातला, तर होतंच. आणि आत खूण म्हणून माझ्या परकराची नवी नाडी! अहो, घरभर शोधली मी ती! तुम्हीही शोधत होतात माझ्याबरोबर, पलंगाखाली वाकून.

मुलीच्या हातात पुस्तक दिलं. "काकू, तुम्हाला कसं सापडलं?"

"आमच्या ह्यांनी ठेवलं होतं."

"मग त्यांना लागेल ना?"

"नाही गं. त्यांचं वाचून झालं."

थाप मारली. नाडी अर्ध्यावरच होती. पण तुमचं काही झालं, संपलं, असं मी पहिल्यांदाच तोंडाने बोलले. रडू तरीही आलं नाही.

नाडी तिथेच राहू दे, असं सांगितलंय तिला. आत बसायचा पास कसा काढतात, ते तिने मला समजावलंय. तिचं काम झालं की मी जाईन, डबा घेऊन. नाडीपासून पुढचं वाचीन. इंग्रजी डोक्यावरून गेलं तरी बसेन. पण संध्याकाळी निघताना पुस्तक काउंटरवर देईन. लपवणार नाही, शब्द देते.

तुमची,
सुलभा