सुटीवर होता, अशी नोंद

॥ श्री ॥
तंजावूर
१४ ऑगस्ट २०२३

ती. अक्कास,
भीमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर केला म्हणून कान धर. फोन केला असता, पण फोनवर तू नुसती आँ आँ करतेस आणि मी ओरडून दमतो. शेजाऱ्यांना वाटतं या घरात भांडण चाललंय. त्यापेक्षा हे बरं. अप्पांनी आपल्या दोघांना बाळबोध लिपी शिकवून ठेवली, त्याचा एवढा तरी उपयोग. तुझ्या घरात काय नि माझ्या घरात काय, हे पत्र वाचू शकेल असं तिसरं माणूस नाही. मनात येईल ते लिहावं.

माझ्या घरात म्हणजे मी एकटाच. तुझी भावजय वासुकी जाऊन तीन वर्षं होतील. पोरगी अखिला दर रविवारी सिंगापुराहून फोन करते, जेवण झालं का विचारते, मी झालं म्हणतो. सकाळी फिल्टर कापी मात्र अजून दोघांची होते हातून. दोन्ही मीच पितो.

आता कामाचं. दोन महिन्यांमागे माजी सैनिकांचा मेळावा होता. सगळे म्हातारे कोटावर पदकांच्या रांगा लावून आलेले. माझ्या कोटावर एकच, नऊ वर्षं नोकरी केली म्हणून मिळालेलं. एका तरुण कॅप्टनानं अगदी आदरानं, आजोबांना विचारावं तसं विचारलं, थाता, एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही कुठं होतात. मी म्हटलं पंजाबात, सीमेवर, टेलिफोनच्या तारा ओढत होतो. त्यानं माझ्या कोटाकडे पाहिलं आणि तो पलीकडच्या म्हाताऱ्याकडे वळला. अक्का, ते फार लागलं मला. डाव्या खांद्यात लोखंडाचा तुकडा घेऊन बावन्न वर्षं फिरतोय, आणि हा पोरगा मनात म्हणतोय की म्हातारा थापा मारतो.

म्हणून पुन्हा अर्ज केला. सैनिक कल्याण कार्यालयात जननी नावाच्या बाई आहेत, फार सालस, त्यांनी माझा जुना रेकॉर्ड मागवून दिला. त्यात लिहिलंय की लढाईच्या दिवसांत मी गावी होतो. चूक आहे ती. मी गावी नव्हतो हे सांगणारा एक सांबशिव होता, कुंभकोणमचा; माझा खांदा त्यानंच बांधला. तो मागच्या वर्षी गेला. बाई म्हणतात, घरच्या कुणी शपथेवर लिहून दिलं की हा डिसेंबरात घरी आलाच नव्हता, तर नोंद दुरुस्त होईल. त्या दिवसांतली घरातली तू एकटी उरली आहेस. चार ओळींचं काम आहे. करशील ना?

तुझ्या प्रद्युम्नास आणि त्याच्या मुलांस आशीर्वाद. म्हाताऱ्या भावावर माया आहे ती असू दे.

तुझा
भीमा


पापनाशम
२ सप्टेंबर २०२३

चि. भीमास,
राजमचे अनेक आशीर्वाद.

दोन-दोन कापी पितोस आणि वर मला सांगतोस! साखर किती आली ते आधी कळव, मग पदकांचं बोलू.

अरे, देईन की लिहून. तू आला नव्हतास हे मला कुणी शिकवायला हवं का? आईला अंथरुणावर टाकून अप्पा चार दिवस सायकलवर स्टेशनात जात होते, मद्रासची गाडी बघायला. आई शुद्धीत असेतो एकच विचारायची, भीमा निघाला का. मग तुझी तार आली, सुटी मिळत नाही म्हणून. ती मीच तिला वाचून दाखवली. ती तुझ्या साहेबाला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, पत्राला सोवळं-ओवळं असतं. त्या दिवसापासून दर वर्षी आईच्या तिथीला मी त्या साहेबाच्या नावानं बोटं मोडत आले. मेला असेल आता. मेला असला तरी मोडते.

पण एक कळेना. त्यांनी सुटी दिली नाही, मग तू गावी होतास असं त्यांच्याच कागदात आलं कुठून? आमच्या नित्याला विचारलं. प्रद्युम्नाची ही धाकटी कोर्टात एका वकिलाच्या हाताखाली शिकते, इंग्रजीत छान मसुदा करते. ती म्हणाली, कागदाची प्रत बघितल्याशिवाय मला लिहिता यायचं नाही. तेव्हा प्रत पाठव.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे तर तुझ्या बाबतीत बावन्न वर्षं झालं. फार जिवाला लावून घेऊ नकोस. गुडघ्यांना तेल लाव. आठवण ठेवतोस, अशीच ठेव.

राजम


तंजावूर
२० सप्टेंबर २०२३

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सोबत प्रत जोडली आहे. नित्यानं तिचं काम करावं, तुला ती वाचून दाखवत बसायची गरज नाही. सगळी लष्करी भाषा आहे, डोकं दुखेल. साखर बेताची आहे. इथे ऊन मरणाचं. बाकी विशेष नाही.

भीमा


पापनाशम
४ ऑक्टोबर २०२३

भीमास,

नित्याकडून वाचून घेतलं. दोनदा वाचायला लावलं. एकोणतीस नोव्हेंबरपासून तीस दिवस सुटी मंजूर, कारण आई अत्यवस्थ. मंजूर, असं आहे. खाली साहेबाची सही.

हा कागद खोटा की तू पाठवलेली तार खोटी, एवढंच लिही.

राजम


तंजावूर
९ ऑक्टोबर २०२३

ती. अक्कास,
भीमाचा शि. सा. न.

तार खोटी. कागद खरा.

साहेबानं एका शब्दानं अडवलं नाही. तुमची तार वाचली, आईचं वय विचारलं आणि सही केली. तू बावन्न वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडलीस तो भला माणूस होता. लेखनिकानं त्याच संध्याकाळी रजिस्टरात सुटी लिहिली, रेल्वेचं वॉरंट माझ्या हातात दिलं. पेटी बांधून झाली होती.

मला ती तार खरी वाटली नाही, अक्का. आदल्या वर्षाची आठवते का? तीच अक्षरं होती, आई अत्यवस्थ, लगेच ये. पाच दिवस गाडीत पाण्याचा घोट घशाखाली उतरला नव्हता माझ्या. घरी पोचलो तर आई चुलीपुढे पुरण वाटत होती आणि दारापुढच्या तिण्णईवर लग्नाच्या मुलीचे मामा येऊन बसले होते. सुटीसाठी केलेली ती युक्ती तुझी होती. परत गेल्यावर कंपनीनं महिनाभर माझी टर उडवली. या खेपेला मला वाटलं, अक्कानं आणखी एक मुलगी शोधली.

पण सगळं तुझ्यावर ढकलत नाही. मनात दुसरंही होतं. सगळी पलटण पुढे सरकत होती, लढाई आज लागते की उद्या असं झालं होतं, आणि मी एकट्यानं पेटी उचलून उलट्या दिशेला जायचं, ते मला जमेना. बावीस वर्षांचा होतो. वॉरंट सुभेदारांना परत दिलं, पोस्टात जाऊन तुम्हाला तार केली. सुटी मिळत नाही म्हटलं की कुणाला वाईट वाटायचं नाही, एवढाच विचार. चार दिवसांनी लढाई लागली. नऊ तारखेला खांद्यात तुकडा घुसला. आई गेल्याचं तुझं पत्र चोवीस तारखेला मिळालं, दवाखान्यात.

रजिस्टरातली ती सुटी रद्द करायची राहून गेली. मागे दोनदा पदकाचा अर्ज फेटाळला तेव्हा कारण मला ठाऊक होतं, म्हणून तोंड मिटून बसलो. दाद मागायची तर तुला सगळं कळणार. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. आता वासुकी नाही, सांबशिव नाही. आईजवळ मी नव्हतो आणि कागदावर लढाईतही नव्हतो. मग मी होतो तरी कुठं? कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटतं, दुसरं काही नाही.

तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून पत्रानंच पाया पडतो.

भीमा


तंजावूर
१७ जानेवारी २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नसताना लिहिलेलं हे माझं चौथं पत्र. आधीची तीन पोचली असणार, आपला टपालवाला पत्रं हरवत नाही.

आईची तिथी तीस डिसेंबरला झाली. तू येशील म्हणून पान मांडून ठेवलं होतं. मुरलीकृष्ण गुरुजींनी विचारलं, अक्का का नाही आल्या. मी सांगितलं तब्येत बरी नाही. आणखी एक खोटं. पान गाईला घातलं. पोंगलला शेजारच्यांनी बोलावलं होतं, गेलो, गोड खाल्लं, परत आलो. संध्याकाळी राजवाड्याच्या बाजूनं फिरून येतो. ओळखीचे फार उरले नाहीत, जे आहेत ते तमिळमध्ये बोलतात, मीही बोलतो. मराठी बोलून किती दिवस झाले ते मोजलं नाही. परवा वासुकीच्या फोटोशी बोललो तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला.

जननीबाईंचा फोन येतो, शपथपत्र आलं का. मी त्यांना सांगून टाकलं की राहू द्या. अक्का, ते पदक जाऊ दे चुलीत. रागावून का होईना, दोन ओळी लिही. बावन्न वर्षांपूर्वी तू साहेबाला दिलेल्या सगळ्या शिव्या माझ्या आहेत, त्याच पाठव.

भीमा


पापनाशम
२१ फेब्रुवारी २०२४

चि. भीमास आशीर्वाद.

साडेचार महिने तुझ्याशी अबोला धरला. त्यात शिक्षा कुणाला झाली? माझ्याशी तरी मराठीत बोलायला इथे कोण बसलंय? मुलांना सगळं कळतं, उत्तर येतं तमिळमध्ये. तुझी पत्रं उशीखाली होती. उघडून वाचत होते आणि पुन्हा रागावत होते.

पहिली तार माझी, हे खरं. आई नको नको म्हणत होती, अशी आजारपणं खोटी सांगू नयेत म्हणत होती. मी हसले. ती युक्ती माझी, एवढं एकच मी तुला कधी बोलले नव्हते, आणि तुला ते ठाऊक असून तू मनात धरून बसला होतास! आपण दोघं सारखेच निघालो. अप्पांची पोरं शोभतो.

सोबत शपथपत्र आहे. नोटरीनं विचारलं, आजी, इतकं जुनं तुम्हाला नक्की आठवतं का. मी त्याला सांगितलं की तुझी तार येऊन गेली होती तरी आईला न्यायच्या वेळी अप्पा म्हणाले, अजून एक गाडी यायची आहे, आणि सगळे थांबले. गाडी आली, सायकल रिकामी परत आली, मग उचललं. असं माणूस विसरतं का? तो बिचारा खाली मान घालून शिक्के मारत राहिला. सही बाळबोधीत केली म्हणून कुरकुरला. म्हटलं, अप्पांनी हीच शिकवली, दुसरी शिकायचं माझं वय नाही.

एक सांगते ते ऐक. आई गेली ती साहेबावर रागावून गेली. तुझ्याबद्दल एक वाकडं अक्षर तिच्या तोंडून आलं नाही. पोराला धरून ठेवलंय, त्याच्या जिवाला काय होत असेल, हेच म्हणत होती. तुझ्या खोट्या तारेनं तेवढं केलं. बरं केलं की वाईट केलं, मला अजून ठरवता येत नाही.

नोंद दुरुस्त करून घे. पण ते पदक एवढ्यात मला दाखवायला आणू नकोस. माझा राग अजून पुरता गेला नाही.

राजम


तंजावूर
८ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
भीमाचा शि. सा. न. वि. वि.

काल पार्सल आलं. आत दोन डब्या आणि एक आदेश. पश्चिमी स्टार एकात, जखमी झालेल्यांना देतात ते दुसऱ्यात. आदेशात लिहिलंय, सुटीची नोंद रद्द, जवान तीन डिसेंबरपासून सीमेवर हजर, नऊ तारखेस जखमी. जननीबाईंनी फोनवर अभिनंदन केलं, त्यांनाच माझ्याहून जास्त आनंद. अखिला म्हणाली फोटो पाठवा. कोट घातला, आरशासमोर उभं राहून एकट्यानं पदकं लावायला गेलो, टाचणी बोटात घुसली. वासुकीनं आधी माझी खरडपट्टी काढली असती, मग लावून दिली असती. फोटो काही काढला नाही.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या कॅप्टनाला गाठून दाखवावं असंही वाटलं. आदेश चार वेळा वाचला. पाचव्यांदा वाचताना मात्र सुटीची नोंद रद्द, या शब्दांवर अडलो. डिसेंबर एकाहत्तरात मी तंजावुरात घरी होतो, असं या सगळ्या जगात एकाच रजिस्टरात लिहिलेलं होतं. बावन्न वर्षं मी त्या ओळीला चूक म्हणत आलो. आणि काल ती खोडलेली पाहून मी रडलो, अक्का. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, कोट घालून, पलंगावर बसून रडलो.

सरकारचं झालं. आई मात्र माझी तार खरी मानून गेली. तू म्हणतेस बरं की वाईट ते ठरत नाही. मला ठरवता येतं. तिला खोटं सांगितलं ते मी, तर खरं सांगायचं तेही मीच. दर वर्षी तिला पिंड देतो, तिळोदक देतो, पाया पडतो, आणि ही गोष्ट तेवढी तिच्यापासून लपवून ठेवतो. हे आता माझ्यानं होत नाही.

तिथी पुढच्या आठवड्यात बुधवारी, अठरा तारखेला आहे. पदकं कपाटात कुलपात राहतील, तुला दिसायची नाहीत. राग असेल तो घेऊन ये, पण ये. नित्याला म्हणावं आजीला सकाळच्या गाडीनं आण. मला हे एकट्यानं बोलायचं धैर्य नाही, आणि हे ऐकायला आईखेरीज तुझाच हक्क आहे. नैवेद्य दाखवून झाला की गुरुजींना जरा थांबा म्हणणार आहे, आणि आपल्या भाषेत तिला सांगणार आहे की आई, सुटी मिळाली होती.

वाट पाहतो.

तुझा
भीमा