पूर्वपक्ष ज्याचा त्याला

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, अविवाहित, ख्रिस्ती धर्मसिद्धांतांच्या इतिहासाचा अध्यापक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच अक्षरात लिहून ठेवत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आजची तारीख त्यांनी विचारली, तेव्हा मी चौथ्या शतकातल्या तीन तारखा तोंडपाठ सांगितल्या आणि आजची त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरात बघून सांगितली. चारही बरोबर निघाल्या.

कलम १. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. आमच्या विषयात जुना ठराव रद्द झाला असे कोणी कधी म्हणत नाही. त्याचा अर्थ अधिक स्पष्ट झाला, असे म्हणतात. पण वकीलबाईंना ते चालत नाही.

कलम २. औषधाच्या दुकानावरची ही दोन खोल्यांची जागा माझ्या ताईला द्यावी. तिने येऊन राहावे असे नाही. भावोजी बोलायला लागले की दार लावून बसायला एक खोली असावी, एवढेच मागणे ती लग्नापासून करत आली आहे. मी बोलायला लागलो की दुसरी लागेल, असेही म्हणते. ती गरज आता उरणार नाही. बाथरूममधला पाइप गळतो. त्यासाठी कलम ६ पाहावे.

बँकेतली शिल्लक भाचीला द्यावी. ती छापखान्यात मुद्रितशोधक आहे, आणि आमच्या घरात तिच्या एकटीच्याच दुरुस्त्या सगळे निमूटपणे मान्य करतात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ३. माझा ग्रीक कोश महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावा. प्राचार्यांनी तो घरी नेऊ नये. त्यांना मी विभागाच्या बैठकीतली माझी डगमगणारी खुर्ची देतो. ती माझ्या मालकीची नाही हे मला ठाऊक आहे. पण अकरा वर्षे ती दुरुस्त करण्याचा ठराव त्यांनी पुढच्या बैठकीवर ढकलला, तेव्हा वहिवाटीने ती माझीच झाली, असे मी समजतो.

कलम ४. अंत्यविधीचे प्रवचन सात मिनिटांत आटपावे. मी नक्की कुठे गेलो आहे याबद्दल प्रवचनकाराने ठाम विधान करू नये. या प्रश्नावर पहिल्या पाच शतकांत कोण काय म्हणाले ते मी सव्वीस वर्षे शिकवले, आणि परीक्षेत आजवर एकालाही धड लिहिता आलेले नाही.

कलम ५. पलंगाखाली बुटांची अकरा खोकी आहेत. त्यांत चौदाशे कार्डे आहेत. त्यांची हकिकत सांगणे भाग आहे.

भावोजी आणि मी एकाच विभागात, समोरासमोरच्या टेबलांवर होतो. माझे मत असे की धर्मसिद्धांत बीजासारखा असतो; पहिल्या शतकात पेरलेले पाचव्यात फांद्या घेऊन उभे राहते, आणि प्रत्येक फांदी आतल्या तर्काने फुटते. भावोजींचे मत असे की सिद्धांत उमलत नाहीत, ते बैठकीत मंजूर होतात. धर्मसभेला जमलेले बिशप थकलेले होते, सम्राटाला घाई होती, शेवटी ज्यावर सगळ्यांची सही झाली ते सनातन सत्य ठरले, आणि तर्क त्यामागून जिंकणाऱ्यांनी लिहिला. "तू आपल्या विभागाची बैठक बघतोस ना दर महिन्याला," ते म्हणायचे, "तिथे कधी काही उमललंय का, शास्त्रीबुवा?"

शास्त्रीबुवा हे माझे टोपणनाव, कारण या विषयाकडे मी संस्कृत पाठशाळेतून आलो. तिथे आमच्या गुरुजींचा दंडक होता की ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत, एकही वाक्य न गाळता मांडायचे. याला पूर्वपक्ष म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी भावोजींनी आपल्या ग्रंथाचे चारशे बारा पानी हस्तलिखित माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "छापायला देण्याआधी बघ. दुसरी प्रत नाहीये, जपून." मी शिस्तीत कामाला लागलो. प्रत्येक कार्डाच्या वरच्या अर्ध्या भागात भावोजींचा मजकूर, खालच्या अर्ध्यात माझे खंडन. दोन वर्षे लागली.

कलम ६. कबुली. टेबलावर जागा नव्हती म्हणून हस्तलिखित मी बाथरूमच्या माळ्यावर ठेवले. तिथला पाइप फुटला. मी सुट्टीला गेलो होतो. परत आलो तेव्हा ग्रंथाचा लगदा झाला होता.

भावोजी विचारत, "वाचून झालं का रे?" मी म्हणे, "शेवटचं प्रकरण राहिलंय." असे आठ महिने चालले. मग मी सांगितले की हस्तलिखित मी शिपायाबरोबर कार्यालयात परत पाठवले होते, विभागाचे स्थलांतर झाले त्यात गेले असणार. भावोजींनी अख्खी सुट्टी त्या कार्यालयातली कपाटे उपसण्यात घालवली. मीही त्यांच्याबरोबर शोधले. त्याबद्दल ताईने माझे कौतुक केले. त्यानंतर भावोजींनी एक ओळ लिहिली नाही. निवृत्त झाल्यापासून ते शब्दकोडी सोडवतात.

दुसऱ्या शतकातल्या एका टीकाकाराचे ख्रिस्ती मताविरुद्धचे पुस्तक आज कुठेच नाही. पण सत्तरेक वर्षांनी एका ख्रिस्ती पंडिताने त्याचे वाक्यावाक्याने खंडन केले, आणि त्या खंडनातच ते बरेचसे शिल्लक राहिले. हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो, वर्ग हसतो. हेच माझ्या पलंगाखाली घडले आहे, हे मला गेल्या बुधवारी कळले, रुग्णालयाची बॅग शोधताना खोकी बाहेर ओढली तेव्हा.

कलम ७. म्हणून भाचीने कार्डांचा वरचा अर्धा भाग क्रमाने उतरवून घ्यावा, खालचा गाळावा, आणि ग्रंथ भावोजींच्या नावाने छापावा. शेवटच्या प्रकरणाच्या बासष्ट कार्डांवर गाळण्यासारखे काही नाही. तिथे खालचा भाग कोरा आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, सहीपूर्वी. साक्षीदार म्हणून मी भावोजींना बोलावले होते. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, फक्त सही होताना बघावी लागते, आणि मृत्युपत्रातून त्याला काही मिळणार नसावे, असे वकीलबाईंनी सांगितले होते. ज्याचे त्याला परत करणे म्हणजे मिळणे नव्हे, असा मी सोयीचा अर्थ लावला. पण न वाचता भावोजींनी कधी बैठकीच्या इतिवृत्तावरही सही केलेली नाही. त्यांनी चष्मा लावला आणि कलम १ पासून सुरुवात केली. कलम २ ला हसले. कलम ६ ला चष्मा काढून पुसला.

मग म्हणाले, "शेवटचं खोकं काढ."

मी काढले. त्यांनी एकेक करून बासष्टही कार्डे पाहिली. बाथरूममध्ये प्लंबर ठोकाठोक करत होता.

"इथे खाली काही लिहिलं नाहीस."

"सुचलं नाही."

"सात वर्षं?"

"हो."

"आणि मी ती कपाटं उपसत होतो तेव्हा तू माझ्यासाठी स्टूल धरून उभा होतास."

"धरलं होतं."

"घट्ट धरलं होतंस, ते खरं," ते म्हणाले. पुढचा काही वेळ ते कार्डांच्या कडा सारख्या करत बसले. मग साक्षीदारांच्या जागी मी लिहून ठेवलेले आपले नाव त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडले. "साक्षीदाराला काही मिळत नाही ना? मग मी साक्षीदार नाही. मला माझं पुस्तक हवंय."

"खालचे भाग भाची गाळेल."

"कशाला? तेराशे ठिकाणी तू चुकलायस, ते लोकांना दिसू दे. आणि सोमवारनंतर ही बासष्ट भरायला घे. कोरी छापली तर म्हणतील, मेहुण्याने नात्यापायी सोडून दिलं."

"सोमवारचं काही सांगता येत नाही, भावोजी."

"म्हणून आजच सांगतोय."

दहा खोकी प्लंबरने खाली नेऊन दिली. अकरावे, बासष्ट कार्डांचे, भावोजींनी टेबलावर ठेवले आणि त्यावर माझे पेन ठेवून गेले. वकीलबाई म्हणतील, कलम ७ आता रद्द झाले. माझ्या मते त्याचा अर्थ अधिक स्पष्ट झाला आहे.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही.

आमच्यासमक्ष सही झाली:
१. (नाव खोडले. खोडणाऱ्याची सही: भावोजी, लाभार्थी.)
२. खालच्या दुकानातले औषधविक्रेते.
३. प्लंबर. पाइप दुरुस्त झाल्याचेही त्यांनी येथेच लिहून दिले आहे.

स्थळ: दुकानावरची जागा, जेवणाचे टेबल.
दिनांक: एकोणीस मार्च, दुपारी चार. कॅलेंडर न बघता.